इंजिनाची डुलकी आणि माझा चिमटा

सिग्नलला गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद होतं आणि निघायच्या वेळी आपोआप चालू होतं, त्याला आमच्या बोरपेठेत 'डुलकी' म्हणतात. कंपनीनं ठेवलेलं नाव इथं कुणी घेत नाही. आणि ही डुलकी मोडणारी जी करंगळीच्या पेराएवढी वस्तू मी बनवली, तिचं नाव 'चिमटा'. हे नाव माझंच. पेंगणाऱ्याला चिमटा काढतात ना, तसं! दोन वर्षांत अर्ध्या बोरपेठेच्या गाड्यांना मी चिमटा बसवला, आणि प्रत्येक वेळी मला असा काही अभिमान वाटायचा की विचारू नका.

मी त्रिशला मगदूम. दाणे चौकात 'मगदूम ऑटो इलेक्ट्रिकल्स' हे आमच्या अप्पांचं गॅरेज. अप्पा गेल्यावर सगळे पाहुणे म्हणाले, पोरीचं लग्न उरका आणि गाळा विकून टाका. मी लग्नही केलं नाही आणि गाळाही विकला नाही. गाडीच्या वायरिंगमध्ये माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही. हे माझं मीच सांगते, कारण बाईमाणसाबद्दल दुसरं कोण सांगणार?

आता डुलकी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं समजेल. गाडी उभी राहिली, तुम्ही न्यूट्रल केलं, क्लचवरचा पाय काढला, की गाडीतला कॉम्प्युटर विचार करतो. बॅटरीत दम आहे का? इंजिन पुरेसं तापलंय का? ब्रेकला जोर आहे का? एसीला जरा थांबता येईल का? पट्टा लावलाय का, दार बंद आहे का, बॉनेट बंद आहे का? सगळ्यांनी 'हो' म्हटलं तरच तो इंजिनाचं पेट्रोल तोडतो. पिस्टन कुठं थांबले हेही लक्षात ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध नको. क्लच दाबला की जाड स्टार्टर एक हिसका देतो आणि अर्ध्या सेकंदाच्या आत इंजिन जागं होतं. दिवसातून दीडदोनशे वेळा हे करायचं म्हणून बॅटरीही वेगळी आणि स्टार्टरही वेगळा. मला विचाराल तर फार देखणं काम आहे ते.

पण आमच्या लोकांना ते कधी पटलंच नाही. मे महिन्यात इंजिन झोपलं की एसी कोमट होतो. म्हणून गाडीत बसल्या बसल्या पहिलं काम म्हणजे डुलकीचं बटण दाबून ती बंद करायची. देवाला नमस्कार नंतर.

मग दोन हजार बत्तीस साली नगरपालिकेनं 'मौन' आणलं. डुलकी शहराच्या ताब्यात आली. चौकाचौकात अँटेना लागल्या. अँटेनानं सांगितलं की आसपासच्या उभ्या गाड्यांची इंजिनं मिनिटभर एकदम झोपायची, मग तुम्ही बटण दाबा नाहीतर कपाळ बडवा. धूर कमी, आवाज कमी. जी गाडी गडबड करील ती नगरपालिकेच्या पडद्यावर लाल ठिपका होणार, तिचं इंजिन जागच्या जागी लॉक होणार आणि महिनाभर जप्त. विजेच्या गाड्यावाले खुशीत होते, पण आमच्याकडं अजून पेट्रोल-डिझेलचाच बोलबाला. लोक माझ्याकडं धावत आले. "अक्का, काहीतरी करा की वो!"

आणि मी केलं. आठ दिवस डोकं लावलं आणि सोपी गोष्ट सुचली. बॉनेट उघडं असलं तर डुलकी कधीच लागत नाही, कुणाचा हात पंख्यात अडकू नये म्हणून. माझा चिमटा बॉनेटच्या खटक्याजागी बसतो आणि कॉम्प्युटरला सांगत राहतो, 'बॉनेट उघडं आहे, झोपू नकोस.' आणि त्याच वेळी अँटेनाला सांगतो, 'इंजिन बंद आहे बरं का.' घरात एक आणि दारात एक! एकच खोच होती. मौन चालू असताना गाडी हातानं बंद केली, तर चिमट्याची वीज जाते आणि कॉम्प्युटर खरं ते सांगून टाकतो. लगेच लाल ठिपका. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला मी बजावून सांगायची, "काय वाट्टेल ते होऊ दे, मौनात गाडी हातानं बंद करायची नाही."

हे सगळं ज्याच्या जिवावर उठलं तो माझा धाकटा भाऊ, भरतेश.

भरतेश नगरपालिकेत पाणीपुरवठ्याला. काम काय, तर ऐकायचं. पुरलेल्या नळाला लोखंडी सळईचं एक टोक टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि पाणी कुठून फुटतंय त्याची सुरसुर शोधायची. यंत्रंही आहेत, पण त्याच्या कानाला तोड नाही. लहानपणी मी डब्यात लपवलेले लाडू हा डबा हलवून मोजायचा. मौन यावं म्हणून गावभर अर्ज घेऊन हिंडला तो हाच. "अक्का, एक मिनिट रस्ता गप्प झाला तर मी जमिनीच्या पोटातलं सगळं सांगीन," म्हणायचा. आणि पहिल्या सहा महिन्यांत त्यानं चाळीस गळत्या काढल्या की! पेपरात फोटो आला. फोटो मीच गॅरेजात चिकटवला आणि त्याच फोटोखाली बसून चिमटे बनवले. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. माझं काम वेगळं, त्याचं काम वेगळं, असं मी धरून चालले होते.

अक्षय्य तृतीयेला तो जेवायला आला. उसाचा रस पिऊन झाला आणि म्हणाला, "अक्का, पडद्यावर शून्य गाड्या चालू दाखवतात आणि माझ्या कानात नुसता घुमारा. असं कसं?"

"कान तपासून घे," मी म्हटलं.

त्यानं पेला बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाला, "दाणे चौकाखाली मोठी गळती हाय. मला चाहूल लागतीय, पण जागा सापडंना. तुला काही म्हाईत असलं तर सांग."

"मला काय माहीत? मी काय पाण्याच्या खात्यात आहे?" माझा आवाज चढला. खोटं बोलताना माझा आवाज चढतो, हे जगात एकाच माणसाला माहीत आहे. तो उठला, चपला घातल्या आणि गेला. नंतर बारा दिवस फोन नाही की काही नाही. मीही केला नाही. मगदुमांचा ताठा आमच्या दोघांतही सारखाच आहे.

तेराव्या दिवशी गुरुवारचा बाजार होता. साडेअकरा वाजले असतील. चौक चारी बाजूंनी तुंबलेला, ऊन मी म्हणतंय, सगळ्यांच्या काचा वर. मी एका स्टार्टरचं पोट उघडून बसले होते आणि पायाखाली धप्प झालं. आवाज मोठा नव्हता, पण माझ्या हातातला स्क्रू उडाला. बाहेर बघते तर दाणे चौकाच्या मधोमध रस्ताच नाही! बैलगाडी मावेल एवढा खड्डा आणि त्यातून धूळ वर येतीय.

भरतेशचा जोडीदार पाटोळे गॅरेजात घुसला. "अक्का, भरतेश खाली हाय. नाल्यात उतरला होता."

मी हातातली हत्यारं तशीच टाकली आणि धावले.

चौकाखाली संस्थानाच्या काळातला दगडी नाला आहे, माणूस वाकून चालेल एवढा. त्यातूनच पाण्याचा मोठा नळ जातो. भरतेश मधल्या झाकणातून उतरला होता आणि नेमकं तेच झाकण खड्ड्यात गेलं होतं. तो ढिगाऱ्याखाली असेल, नाहीतर पूर्वेला पळाला असेल, नाहीतर पश्चिमेला, आणि मागचं छत पडून तोंड बुजलं असेल. नाल्याच्या दोन्ही टोकांना गाळ, तिकडून शिरायला वाट नाही. फुटलेल्या नळाचं पाणी आत भरत होतं. वरची चावी बंद केली होती, पण टाकीपासून चौकापर्यंतच्या नळातलं पाणी नाल्यातच उतरणार होतं.

"किती वेळ?" मी विचारलं.

पाणीपुरवठ्याचे उपअभियंता करंबेळकर साहेब गुडघ्यावर बसून होते. चांगला माणूस, भरतेशवर जीव असलेला. "अर्धा तास धरा बाई. जास्तीत जास्त चाळीस मिनिटं. पण भरतेश हुशार आहे, त्याच्याजवळ सळई आहे. तो नळ वाजवणार. आम्हांला फक्त ऐकायचंय."

त्यांनी जमिनीवर तीन मायक्रोफोन ठेवले होते. ठोका जमिनीतून तिन्हींपर्यंत वेगवेगळ्या वेळी पोचतो. फरक सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाचा, पण तेवढ्यावरून यंत्र सांगतं की माणूस नेमका कुठं आहे. साहेबांनी मौन मागवलं. पोलिसांच्या जीपवरून भोंग्यानंही सांगितलं, गाड्या बंद ठेवा. साहेबांच्या हातातल्या पडद्यावर चौकातल्या एकशे ऐंशी गाड्या टपटप हिरव्या झाल्या. खाली आकडा आला, चालू इंजिनं शून्य.

साहेबांनी कानावर हेडफोन लावला. मिनिट संपलं. त्यांनी मान हलवली. दुसरं मौन. पुन्हा काही नाही, नुसता घुमारा. "गिरण्यांचा असेल," ते म्हणाले.

मला तर हेडफोन लागतच नव्हता! माझ्या उघड्या कानांना ऐकू येत होतं. डावीकडं डिझेल, उजवीकडं तीन सिलिंडरचं पेट्रोल, मागं एक जुना बेल्ट किरकिरतोय. इंजिन उभ्या उभ्या मिनिटाला आठशे फेरे घेतं. चार सिलिंडर म्हणजे सेकंदाला सव्वीस-सत्तावीस धक्के, आणि ते टायरातून, रस्त्यातून सरळ जमिनीत उतरतात. माती बारीक आवाज गिळते, जाड आवाज तेवढा पुढं जाऊ देते. म्हणजे भरतेशच्या ठोक्यातलं जे काही वर पोचत होतं ते नेमकं या धक्क्यांच्याच जातीचं. एक इंजिन असतं तर यंत्रानं वेगळं काढलं असतं. इथं शंभरावर होती, प्रत्येकाचा ठेका निराळा. त्या गोंगाटात माझा भाऊ नळ बडवत होता आणि कुणालाही पत्ता लागत नव्हता.

आणि ती शंभर इंजिनं मी जागी ठेवली होती.

"साहेब, गाड्या चालू आहेत," मी म्हटलं.

"नाहीत बाई. हे बघा, शून्य."

"अहो, कानांनी ऐका की!"

"बाई, घाबरू नका. पडदा खोटं बोलत नाही."

इथं मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी खरं बोलले नाही. म्हटलं, गुपचूप निस्तरू. धावत पहिल्या गाडीपाशी गेले, काच वाजवली, "बंद कर, बंद कर!" माझंच गिऱ्हाईक. त्यानं काच बोटभर खाली केली आणि हळूच म्हणाला, "अक्का, तुम्हीच तर सांगितलं होतं, मौनात हातानं बंद करायची न्हाई म्हणून. भोंग्यावाले तर बोंबलतायतच." दुसरीकडं गेले, तिथंही तेच. तिसऱ्यानं तर डोळा मारला. माझी शिकवण सगळ्यांनी अशी मन लावून पाळली होती! चार गाड्यांत तीन मिनिटं गेली. आणि माझ्या मागून जेसीबीचा आवाज आला.

मी परत पळाले. करंबेळकर साहेबांचा चेहरा पडला होता. "तिसऱ्या मौनातही काही नाही. याचा अर्थ तो खड्ड्यातच दबलाय, वाजवायच्या अवस्थेत नाही. आता थांबता येणार नाही. इथंच खोदतो."

पाटोळे ओरडला, "साहेब, जेसीबी वर चढला तर उरलेलं छत बसंल! तो आत बाजूला असला तर?"

"तो जिवंत असता तर वाजवलं असतं ना!" साहेबांचाही आवाज फाटला. "मी काय हौसेनं म्हणतोय? काल तो मला म्हणाला, साहेब, वरून काही ऐकू येत नाही, मौनातसुद्धा नाही. आता खाली उतरूनच ऐकतो. मी परवानगी दिली. माझी चूक आहे."

वरून ऐकू येत नाही म्हणून तो खाली उतरला होता.

खरं सांगते, मला तिथंच बसून हंबरडा फोडावासा वाटला. पण रडायला वेळ होता कुठं? मी साहेबांचा दंड धरला.

"चूक तुमची नाही. माझी आहे. तुमचा पडदा खोटा आहे साहेब, मी तो खोटा केलाय. यातल्या शंभरएक गाड्यांत माझा चिमटा आहे. इंजिन चालू असलं तरी तो अँटेनाला बंद म्हणून सांगतो. मी बनवला, मी बसवला. जेसीबी मागं घ्या आणि मला भोंगा द्या."

शेजारी फौजदार नदाफ उभे होते, त्यांनी माझ्याकडं बघितलं, जेसीबीवाल्याकडं बघितलं आणि हात वर केला. जेसीबी थांबला. साहेबांनी पुन्हा मौन लावलं, या वेळी मुदत न घालता, आणि नदाफांनी जीपमधला माइक काढून माझ्या हातात दिला. "बोला. बाकीचं नंतर बघू."

मी जीपच्या बॉनेटवर चढले. आयुष्यात कधी माइकसमोर बोलले नाही. पण तोंड उघडलं आणि आपोआप येत गेलं.

"अवो ऐका! मी त्रिशला मगदूम बोलतीय, चिमटेवाली! काचा खाली घ्या! मी तुम्हांला सांगितलं होतं, मौनात गाडी बंद करू नका. आज मीच सांगतीय, बंद करा. हातानं बंद करा. लाल ठिपका येणार, खोटं बोलत न्हाई. गाडी लॉक होणार, महिनाभर जाणार. पण खाली माझा भरतेश हाय. तो नळ वाजवतोय आणि तुमच्या-माझ्या इंजिनांपायी आम्हांला ऐकू येईना झालंय. तुमच्या घरात पाणी येतंय ते त्यानं जमिनीला कान लावून आणलंय. मी पाया पडते तुमच्या. बंद करा!"

कुणी हललं नाही. काचांमागं नुसते चेहरे दिसत होते. महिनाभर गाडी जाणं म्हणजे काय हे मलाही कळतं. कुणाची शाळेची व्हॅन, कुणाची रिक्षा.

मग खड्ड्याच्या कडेचा एक टेम्पो खडखडून बंद झाला. दस्तगीर मामाचा भाजीचा टेम्पो. मामा खाली उतरले, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असे गरजले, "काय बघत बसलाय रं? मुडदा निघायची वाट बघताय व्हय? बंद करा की!"

पडद्यावर पहिला लाल ठिपका आला. साहेब ओरडले, "आला! आला एक!"

दुसरा आला. चौथा. दहावा. मग मोजायची सोयच राहिली नाही! हिरवा पडदा लालेलाल होत गेला, आणि जसजसा तो लाल झाला तसतसा चौक गप्प होत गेला. एकेक ठेका गळत होता. तो डिझेल गेला. ती तीन सिलिंडर गेली. बेल्टची किरकीर थांबली. अंगावर काटा आला माझ्या. माझी चोरी सगळ्या गावासमोर ठिपक्याठिपक्यानं उघडी पडत होती आणि मला वाटत होतं, आणखी पडू दे, लवकर पडू दे!

साहेबांनी हेडफोन दाबला. "अजून एक आहे. एकच. कुठंय ते?"

मी डोळे मिटले. तिसऱ्या सिलिंडरला अडखळणारं इंजिन, डावीकडं, हळदीच्या वखारीच्या अलीकडं. पांढरी गाडी. पळत गेले. आत एक तरुण बाई, मागच्या सीटवर तिचं तान्हं बाळ. ती रडत होती. "एसी बंद केला तर भाजंल ओ माझं बाळ."

"दार उघड बाळा, दार उघड. आण त्याला इकडं." मी बाळ उचललं, पदराखाली घेतलं आणि वखारीच्या सावलीत धरलं. तिनं बटण दाबलं. इंजिन थांबलं.

आणि बोरपेठ गप्प झाली. भर बाजारच्या दिवशी, दुपारी बाराला! भाजीवाल्यांनी तोंडावर हात ठेवले. कुणी खोकलंसुद्धा नाही. बाळ मात्र माझं कानातलं ओढत होतं.

टण्. टण्. टण्.

हेडफोनची गरजच नव्हती. पाटोळेनं वखारीपुढच्या नळाच्या चावीला कान लावला होता, तो उडीच मारून उठला. "वाजतंय! वाजतंय!" त्याला लगेच सगळ्यांनी 'श्शू' केलं. पुन्हा तीन ठोके. यंत्रावर तीन रेघा उठल्या, एक आधी, एक जरा मागून, एक आणखी मागून. साहेबांनी आकडा वाचला आणि जिथं मी बाळाला घेऊन उभी होते तिकडं बोट केलं. पूर्वेला, खड्ड्यापासून बासष्ट मीटर. वखारीच्या दारात. खड्ड्यात खोदून दिवसभर काही सापडलं नसतं.

मग काय विचारता! बाळ त्याच्या आईकडं दिलं. दहा-वीस जण पहारी घेऊन भिडले. जेसीबी नको, हातानंच. फरशी उचकटली, मुरूम काढला, खालची दगडी शिळा दिसली. दस्तगीर मामा पहारीवर अख्खे लोंबकळले. शिळा कण्हली, सरकली आणि आतून पाण्याचा थंड वास आला. पाणी छातीपर्यंत चढलेलं. त्यात एक हात वर आला, हातात सळई.

"भरत्या!" मी किंचाळले.

"आधी दोर टाक, मग वरड," आतून आवाज आला.

त्याला वर काढला. नखशिखांत चिखल, डावा हात कोपराजवळ वाकडा झालेला, दात वाजत होते. मी त्याला कवटाळलं आणि जे रडू मघापासून अडवून धरलं होतं ते सगळं सोडून दिलं. लोक शिट्ट्या मारत होते, कुणी हळदीचं पोतं फोडून भंडाऱ्यासारखी उधळत होतं. वखारवालाही काही बोलला नाही.

अँब्युलन्स चौकाच्या टोकाला अडकली होती. लाल ठिपक्यांच्या गाड्या लॉक झालेल्या, एकही सुरू होईना. तेव्हा ज्यांच्या गाड्या महिनाभर गेल्या होत्या त्याच लोकांनी त्या न्यूट्रल करून ढकलायला सुरुवात केली. हुय्या करत एकेक गाडी कडेला. त्या तान्ह्या बाळाच्या आईनंही आपली पांढरी गाडी ढकलली. दस्तगीर मामा घामाघूम होऊन मला म्हणाले, "महिनाभर डोक्यावर पाटी घेऊन हिंडायला लावणार तू मला, बाई!" आणि खो खो हसले. मला हसावं की त्यांच्या पाया पडावं कळेना. मी पाया पडले.

भरतेशला स्ट्रेचरवर ठेवला. मी शेजारी उकिडवी बसले.

"मला सगळं ऐकू आलं खाली," तो म्हणाला. "आधी नुसता घुमारा होता. मग तुझा आवाज आला, भोंग्यातला. चिमटेवाली म्हणालीस. मग एकेक गाडी बंद होताना ऐकली मी."

"भरतेश, मी..."

"मला म्हाईत होतं अक्का. अक्षय्य तृतीयेच्याही आधीपासनं. पाटोळेच्या मेव्हण्याच्या गाडीत बघितला होता मी चिमटा. तुझं काम लांबूनही ओळखू येतं, एवढं साफ सोल्डरिंग दुसरं कोण करतंय? साहेबांना सांगायचं धाडस झालं न्हाई. तुझं नाव घ्यायचं जिवावर आलं. त्यापेक्षा खाली उतरणं सोपं वाटलं."

माझं नाव वाचवायला हा येडा त्या भोकात उतरला होता. आणि मी वर बसून त्याच्या फोनची वाट बघत होते, आधी त्यानं करावा म्हणून.

फौजदार नदाफ टॅबवर तक्रारीचा फॉर्म उघडून आले. अवघडले होते बिचारे. "बाई, तुम्ही सगळ्यांसमोर कबूल केलंय, मला नोंद घ्यावी लागणार. गॅरेजला सील लागंल, लायसन्सही जाईल. तक्रार कुणाच्या नावानं घेऊ? नगरपालिकेच्या घेतो."

"माझ्या नावानं घ्या," भरतेश म्हणाला.

मी चमकले. करंबेळकर साहेब म्हणाले, "अरे, तू कशाला? आधी दवाखान्यात जा."

"न्हाई साहेब. मी बारा दिवसांपूर्वी केली असती तर आजचा दिवस आला नसता. मला लिहू द्या." त्यानं माझ्याकडं बघितलं. विचारत होता तो, माझी परवानगी मागत होता.

"लिही," मी म्हटलं. "एकही शब्द गाळू नकोस. कसा बनवला, कुठं बसतो, सगळं लिही. तुला कळलं नाही तर मी सांगते."

त्याचा उजवा हात धड होता. नदाफांनी टॅब त्याच्यापुढं धरला. तक्रारदाराचं नाव, भरतेश जिनगोंडा मगदूम. आरोपीचं नाव, त्रिशला जिनगोंडा मगदूम. चिखलाच्या बोटांनी टॅब बरबटून गेला. मी मध्येच त्याची एक चूक दुरुस्त केली, त्यानं खटक्याच्या दोन वायरींऐवजी तीन लिहिल्या होत्या.

फॉर्मच्या शेवटी एक रकाना होता, तक्रारदाराचं आरोपीशी नातं. तिथं त्याचं बोट थांबलं.

"काही नाही असं लिहिलं तरी चालतं," नदाफ हळूच म्हणाले. "केस सरळ राहते."

भरतेशनं मान हलवली. डोळ्यांतलं पाणी चिखलातून वाट काढत खाली आलं.

"अक्का हाय ती माझी," तो म्हणाला, आणि तेच लिहिलं.